पाचशेच्या वर असतील तर आधी सांगा

अक्कांना शंभराच्या आत स्वयंपाक येत नव्हता. ही तक्रार नाही, नोंद आहे. औंध, वडूज, विटा या पट्ट्यात तीस वर्षं त्यांनी लग्नाच्या पंगती शिजवल्या. हजार माणसांची आमटी त्या चव न घेता, नुसत्या वासावर उतरवत. घरात मात्र आम्ही तीन माणसं, आणि तिघांना मीठ किती लागतं याचा त्यांना पत्ता नव्हता. त्या शंभराचं मीठ हातात घेत, मनातल्या मनात त्याचे वाटे पाडू लागत आणि मध्येच कंटाळून म्हणत, "ऱ्हाऊ दे. शंभराचंच टाकू. खानारं कुनी ना कुनी येतंय."

आणि येत असे. औंधच्या आमच्या गल्लीतल्या मुलांना सुट्टीच्या दिवशी दुपारी कुठे जायचं हे कोणी सांगावं लागत नव्हतं. घरातल्या सर्वांत लहान पातेल्यात मांजरीने एकदा चार पिल्लं घातली, आणि आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चौदा वर्षांची होते. आई शिरवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. ती आजारात गेली. वडील ट्रक चालवायचे. आईनंतर वर्षभरात ते एका फेरीवर गेले आणि परतले नाहीत. मला साताऱ्याच्या मुलींच्या बालगृहात ठेवलं. माझा भाऊ आठ वर्षांचा. मुलींच्या बालगृहात मुलगा चालत नाही आणि मुलांच्या बालगृहात तेव्हा साताऱ्यात जागा नव्हती, म्हणून त्याला सांगलीला पाठवलं. यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. नियमाला बहीण-भाऊ दिसत नाहीत, मुलगा आणि मुलगी दिसतात.

बालगृहात वाढदिवसाची जेवणं येत. वाढदिवस आमचे नसत. गावातल्या कोणा साहेबांचे, त्यांच्या नातवंडांचे असत. आम्ही रांगेत बसून अनोळखी माणसासाठी टाळ्या वाजवून गाणं म्हणायचो, मग फोटो, मग जेवण. अशाच एका जेवणाचा स्वयंपाक अक्कांकडे होता. फोटो काढणाऱ्याला उजेड पसंत पडेना. पंधरा मिनिटं आम्ही हात जोडून बसलो होतो. अखेर आतून झारा घेऊन एक ठेंगणी, रुंद बाई बाहेर आली आणि ज्यांचा वाढदिवस होता त्या साहेबांना म्हणाली, "आवं साहेब, पुरी गार व्हतीय. फोटू मागनं काढा. पोरी काय पळून चालल्यात व्हय? त्यास्नी कुठं जायचंय?"

वाक्य अपमानाचं होतं, पण खरं होतं, म्हणून मी हसले. वाढताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "कशापायी हसलीस गं?"

मी म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

त्यांनी ओगराळ्यातली आमटी तळहातावर घेऊन चाटली. मीठ कमी होतं. जेवण आटोपल्यावर त्या अधीक्षिकांच्या खोलीत गेल्या. "ती दुसऱ्या वळीतली पोरगी मला पायजे."

अधीक्षिका म्हणाल्या, "अशा मुली देत नाहीत, बाई."

"मग कशा देता?"

सरकार मूल एखाद्या कुटुंबात वाढवायला देतं, त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. हे दत्तक नव्हे. दत्तक मूल कायमचं असतं. आमचं काम वर्षावर चालायचं, भाडेकरारासारखं. वर्ष संपलं की बालकल्याण समितीपुढे नवा अर्ज. अक्कांनी अर्ज केला. चौकशीला आलेल्या कार्यालयातल्या मॅडमनी एक छापील प्रश्नावली वाचून दाखवली. "मुलीला घरकामाला लावणार का?"

"व्हय."

"बाई, नाही म्हणायचं असतं."

"आमच्या घरात मांजर बी बसून खात न्हाई. तिला काय शोकेसमधी ठेवू?"

मॅडमनी 'नाही' लिहिलं. असे बारा-पंधरा प्रश्न गेले. अक्कांच्या खऱ्या उत्तरांवर मला त्या घरात कधीच पाठवलं नसतं.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, फौजेतून निवृत्त झालेले. फौजेत गाडी चालवायचे, आता अक्कांच्या भांड्यांचा टेम्पो चालवत. ते दिवसाला साधारण वीस शब्द बोलत आणि त्यातले बरेचसे टेम्पोशी. मी पोचले त्या दिवशी अक्कांनी नियम सांगितला. "मला आई म्हनू नगंस. आई म्हनलं की पोरं उलटं बोलाय लागत्यात. सगळा गाव अक्का म्हनतो, तूबी म्हन."

मला ते सोयीचं वाटलं.

लग्नाच्या हंगामात मी शनिवार-रविवार त्यांच्याबरोबर जायचे. माणसं ओळखण्याची त्यांची रीत पंगतीवरून ठरलेली होती. आमटी यायच्या आत जो नुसता भातच संपवतो, तो उतावळा; त्याला उसनवार देऊ नये. जो जिलेबी आधी मोजतो आणि मग खातो, त्याच्या घरात पोरगी देऊ नये. नवरदेवाच्या मित्रांबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि ते छापण्याजोगं नाही. स्वतः त्या लग्नातलं काही खात नसत. भट्टीमागे बसून घरून आणलेली भाकरी आणि ठेचा खात आणि समोरच्या मांडवाकडे, शत्रूच्या छावणीकडे पाहावं तसं पाहत.

मी कोण, हे लग्नघरात कोणीतरी विचारायचंच. अक्का सांगून टाकत: सरकारी पोरगी हाय. त्यावर बायका "बिचारी गं" म्हणत आणि माझ्या ताटात जास्तीची जिलेबी पडे. मी एकदा ती परत केली. अक्कांनी ती पुन्हा माझ्या हातात कोंबली.

"खा मुकाट्यानं. दयेची असली तरी पाकातलीच हाय. तिला काय फरक पडतुय?"

त्याच हंगामात लाडवांचं प्रकरण झालं. बालगृहातून आलेली मुलं अन्न लपवतात. का, हे तज्ज्ञ सांगतील, आम्ही लपवतो. मी पत्र्याच्या ट्रंकेत, शाळेच्या जुन्या गणवेशाखाली, अकरा बुंदीचे लाडू ठेवले होते. मुंग्यांची रांग उंबऱ्यापासून ट्रंकेपर्यंत गेली आणि अक्कांनी तिचा माग काढला. ट्रंक उघडून त्या उकिडव्या बसल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. मला परत पाठवायला एवढं कारण पुरेल असं मी धरून चालले होते. बालगृहात आमच्यातल्या एकीला तिच्या घराने याहून लहान कारणावरून परत आणून सोडलं होतं.

अक्कांनी एक लाडू उचलला, फुंकर मारली, फोडून पाहिला. "पाकातला लाडू लपवायचा नसतो गं बये. येवडं बी कळत न्हाई? मुंग्या लागनारच. चिवडा लपव. म्हैनाभर टिकतो." मग त्या उठल्या आणि घट्ट झाकणाचा एक डबा आणून माझ्यापुढे आपटला. "ह्यात."

डब्यातला चिवडा मी कधी खाल्ला आणि कधी विसरले, ते आठवत नाही.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सांगलीला भावाला भेटायला जायचो. अक्का रिकाम्या हाताने जाणाऱ्या नव्हत्या, आणि एका मुलापुरतं नेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. काका टेम्पोतून शिऱ्याची कढई उतरवत. बाहेरचं अन्न चालत नाही, असं अधीक्षक दर वेळी सांगत आणि दर वेळी दोन वाट्या खात. भेट फक्त नातेवाइकांना होती. वहीत 'मुलाशी नाते' असा रकाना होता. माझ्यापुढे मी 'बहीण' लिहायचे. अक्का स्वतःपुढे 'आचारी' लिहायच्या. त्याला कोणी हरकत घेतली नाही.

भाऊ दर वेळी एकच विचारायचा. "मला कवा नेनार?"

अक्कांनी त्याच्यासाठी अर्ज केला. समितीने गृहचौकशीचा आदेश दिला आणि एका रविवारी, न कळवता, नव्या चौकशी अधिकारी घरी आल्या. जुन्या मॅडमची बदली झाली होती. या बाई तरुण होत्या, नीटनेटक्या होत्या आणि आपलं काम मन लावून करत होत्या. नुकसान बहुधा अशाच माणसांकडून होतं.

दुपारची वेळ होती. अंगणात गल्लीतली एकतीस मुलं मांडी घालून ओळीत बसली होती. काका मसालेभात वाढत होते. अधिकारी बाईंनी दारात उभं राहून मुलं मोजली.

"ही सगळी मुलं तुमच्याकडे असतात?"

"आज कमी हायत," अक्का म्हणाल्या. "दिवाळीत पन्नासच्या वर जात्यात."

"पन्नास? आणि बघतं कोण सगळ्यांकडे?"

"मी हाय, हे हायत, ही पोरगी हाय. लय झाली तर बाया लावतो रोजानं."

बाई लिहून घेत होत्या. मी अक्कांना खुणा करत होते. अक्कांना वाटलं, मी मीठ विसरल्याची खूण करतेय. त्यांनी भांड्याकडे पाहून मान हलवली. मग बाईंनी छापील प्रश्न विचारला: "जास्तीत जास्त किती मुलांना तुम्ही सांभाळू शकता?"

आता, तीस वर्षं आचारीपणा केलेल्या माणसाला 'जास्तीत जास्त किती' असं विचारल्यावर एकच उत्तर येतं. अक्कांनी हात पुसले. पदर खोचला. समोर गिऱ्हाईक होतं.

"पाचशेपत्तोर कवाबी आना. पाचशेच्या वर असतील तर दोन दिस आदी सांगा."

अहवाल आठवड्यात आला. घराचा वापर विनापरवाना बालगृह म्हणून होत असल्याचा संशय होता. घटनास्थळी एकतीस बालकं आढळली होती. पाचशे बालकांपर्यंत क्षमता असल्याचं संचालिकेने स्वतः कबूल केलं होतं. भावाचा अर्ज थांबवला होता. पुढच्या सुनावणीपर्यंत मलाही बालगृहात परत का नेऊ नये, याचा खुलासा मागवला होता.

म्हणजे एक मूल आणायला गेलेल्या अक्कांच्या हातचं होतं तेही जाणार होतं. काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्या दिवशीचा शब्दांचा कोटा एकदम वापरला. "तुला पाचशे म्हनायची काय गरज व्हती? धा म्हनली असतीस तर?"

"धा मानसांचं आपुन घेतो का कवा?" अक्का म्हणाल्या.

सुनावणी साताऱ्याला होती. शाळेतल्या मुख्याध्यापकांनी अक्कांना बजावून सांगितलं होतं: विचारतील तेवढंच बोला, आणि कमीत कमी बोला. टेबलापलीकडे चार जण होते. गल्लीतल्या अकरा आया, आपापल्या मुलांची आधार कार्डं घेऊन, बाहेरच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. ती मुलं आपलीच आहेत हे शाबीत करायला त्या टेम्पोतून आल्या होत्या. त्यामुळे संशयाचा भाग लवकर मिटला. राहिला प्रश्न घराचा. अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार."

अध्यक्षांनी कागद पाहिला. "तुम्ही, तुमचे यजमान आणि ही मुलगी. तीन होतात."

"चार. एक सांगलीला हाय."

विचारतील तेवढंच बोलायचं हे अक्कांनी पाळलं होतं. मग समितीने सांगितलं की महिनाभरात घराची पुन्हा पाहणी होईल. घर घरासारखं दिसलं तर मुलाचा विचार करू.

घर घरासारखं दिसायचं म्हणजे स्वयंपाक चार माणसांचा व्हायला हवा होता. अक्का त्या महिन्यात शिकल्या. त्यांना मी शिकवलं. चार माणसांचा स्वयंपाक मला येत होता. आई अंथरुणाला होती तेव्हा मी वर्षभर तो केला होता, आणि त्यानंतर तो येतो का असं मला कोणी विचारलं नव्हतं. चहाच्या कपाने एक कप डाळ. दोन चिमटी मीठ. अक्का शेजारी उभ्या राहून पाहत. त्या चिमटीकडे त्या ज्या नजरेने पाहत, ती मी पुढे बातमीदार म्हणून फक्त अंत्यविधींना पाहिली.

पाहणीच्या दिवशी चार माणसांचा बेत होता: आमटी, भात, वांग्याची भाजी, अकरा चपात्या. गल्लीतल्या मुलांना काकांनी सक्त ताकीद दिली होती, म्हणून ती समोरच्या ओट्यावर ताटं मांडीवर घेऊन बसून होती. अधिकारी बाई स्वयंपाकघरात आल्या, झाकणं उचलून पाहिली, समाधानाने लिहू लागल्या. त्या गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. अक्कांनी ताटातल्या भाताच्या मुदीकडे पाहिलं.

"ह्ये जेवान न्हाई," त्या म्हणाल्या. "निवद हाय."

जेवण संपताच त्यांनी भट्टी पेटवली आणि ओट्यावरच्या मुलांना हाक मारली.

भावाचा आदेश निघाला. आम्ही सांगलीला गेलो तेव्हा तो अधीक्षकांच्या खोलीबाहेर पिशवी घेऊन उभा होता. त्याच्या शेजारी त्याच्याहून वर्षाने लहान असलेला एक मुलगा उभा होता. त्याच्याही हातात पिशवी होती. तो बसू. मिरज स्टेशनवर सापडलेला. आला तेव्हा फक्त कन्नड बोलायचा. त्याला मराठी माझ्या भावाने शिकवलं होतं, त्यामुळे त्यातलं अर्धं शिव्यांचं होतं.

"ह्यो बी येनार हाय," भाऊ म्हणाला. "मी सांगितलंय त्येला."

अधीक्षक म्हणाले, "आदेश एकाचा आहे."

वाढप संपल्यावर आलेल्या माणसाला अक्कांनी कधी परत पाठवल्याचं मला आठवत नाही. भिकारी, बँडवाले, न बोलावलेले, मांडव चुकून आलेले: सगळ्यांना बसवत. त्यांनी बसूला विचारलं, "जेवलास का रं?"

"ऊटा आयतु," तो म्हणाला. जेवण झालंय.

"तुला आज न्हाई नेता येत."

मुलाने मान हलवली आणि पिशवी परत आपल्या खाटेखाली ठेवून आला. रडला वगैरे नाही. मग तो माझ्या भावाला फाटकापर्यंत सोडायला आला. परतताना विट्याला एका ट्रकवाल्याने वाट दिली नाही, तेव्हा त्याला अक्कांनी जे ऐकवलं ते त्याच्या कसुराच्या मानाने फार होतं.

बसूसाठी त्यांनी दोन वेळा अर्ज केला. पहिला नामंजूर झाला, कारण घर दोन खोल्यांचं आणि मुलं आधीच दोन. दुसरा नामंजूर झाला, कारण बसूच्या पालकांचा शोध कर्नाटकात चालू होता. तो शोध अकरा वर्षं चालू होता. कोण शोधत होतं, ते कागदावर नव्हतं. दुसऱ्या रविवारच्या फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत. भाऊ आता घरीच होता, तरी कढई सांगलीला जात राहिली आणि वहीत 'आचारी' पडत राहिलं.

मी अठरा वर्षांची झाले तेव्हा कार्यालयातून पत्र आलं की माझं प्रतिपालकत्व संपुष्टात आलं आहे. अक्कांनी त्या पत्राने भट्टी पेटवली. सरकारी कागद लवकर पेट घेतो, एवढंच त्या म्हणाल्या. मी कॉलेज केलं, वर्तमानपत्रात लागले, सुट्टीला औंधला जात राहिले.

सापडलेल्या मुलांची जन्मतारीख कोणाला ठाऊक नसते. मग ती एक जून धरतात; शाळेत घालायला सोपी पडते. त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, आणि बरेच जण एकाच सकाळी सज्ञान होतात. सज्ञान झालेल्याला बालगृहात ठेवता येत नाही. पुढच्या सोयी कागदावर आहेत. त्यातल्या किती मुलांपर्यंत पोचतात, यावर मी एकदा बातमी केली होती. ती आतल्या पानावर आली.

बसूच्या अठराव्या एक जूनला अक्कांनी मला आणि भावाला सुट्टी घ्यायला लावली. आम्ही सकाळी आठला सांगलीच्या बालगृहाच्या फाटकाशी पोचलो. टेम्पोत कढया, पातेली आणि कांद्याची दोन पोती होती, कारण त्याच दिवशी विट्याला लग्न होतं आणि अक्का एका फेरीत दोन कामं करत. फाटक उघडलं. बसू बाहेर आला. मिसरूड फुटलेला, एक बॅग. त्याच्यामागे आणखी दोघं आले, एकेक बॅग घेऊन. तेही त्याच दिवशी अठराचे झाले होते. ते दोघं फाटकाबाहेर येऊन उभे राहिले आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहू लागले. कोणत्या बाजूला जायचं, हे त्यांचं ठरलेलं नव्हतं.

अधीक्षक सोडायला आले होते. नवे होते, पण कढईला ओळखत होते.

"आता ह्यास्नी न्यायला कुनाची सही लागती?" अक्कांनी विचारलं.

"कोणाचीच नाही. सज्ञान आहेत. कुठेही जाऊ शकतात."

"तिघंबी?"

"तिघंही."

अक्कांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली. "समिती बिमिती? फारम?"

"काही नाही, अक्का."

अक्का टेम्पोकडे वळल्या. "आवं, त्या कढया जरा पुढं सरकवा," त्या काकांना म्हणाल्या. मग रस्त्याकडे पाहत उभ्या असलेल्या त्या दोघांवर आणि बसूवर मिळून ओरडल्या, "बगताय काय रं तोंडाकडं? चढा मागं. सातशे पान हाय, आन् कांदा आजून तसाच पडलाय."